दुपारची मोटार

जुने शहर, अकोला
ता. ११ सप्टेंबर १९३७

ती. पंजाबभाऊजी यांस शकुनचा नमस्कार.

पत्र पोचलं. अक्काच्या जागी आलेल्या आशाबाईंना नववा लागला, हे वाचून बरं वाटलं. इकडे सर्व ठीक. मोर्णा नदीला पाणी आहे. दवाखान्यात तापाचे रोगी फार, त्यामुळे दसऱ्याला रजा मिळणं कठीण दिसतं. बाळंतपणाला मी येऊ शकणार नाही. तुमच्या आईंना, माणिकमावशींना, समजावून सांगा.

रजा मी मागितलेलीच नाही.

तुम्ही लिहिता, "घरचीच नर्स असताना दुसरीकडे काहून जावं?" भाऊजी, दवाखान्यात मी रोग्यांची नावं वहीत लिहिते. बाटल्यांवर खुराकाच्या कागदी पट्ट्या चिकटवते. बायका डॉक्टरांशी बोलत नाहीत. पडद्याआड त्या मला सांगतात, मी डॉक्टरांना सांगते, आणि डॉक्टरांचं उत्तर परत पडद्याआड नेते. उत्तर माझ्या तोंडून येतं, म्हणून त्यांना ते माझं वाटतं. पांढरं पातळ डॉक्टरांनी दिलं. पहिल्यांदा एका म्हातारीने नर्सबाई म्हटलं तेव्हा मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "म्हणू दे. आपण कुठे म्हटलं?" मी चौथी शिकले आहे. बाळंतपण अक्काचं पाहिलं तेवढंच.

नवऱ्याने टाकल्यापासून माझी मान खाली होती. त्या एका शब्दाने ती वर आली.

दीड वर्षापूर्वी अक्काच्या बाळंतपणाला तुमच्याकडे आले तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही स्टेशनावर छकडा घेऊन आला होता, आणि घर येईपर्यंत वाटेत सात बायकांनी मला नाडी दाखवली. अक्का दारात उभी होती. म्हणाली, "आता मले कायची भीती नाही."

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई दाई पहाटेपासून तिच्याजवळ होती. दहाच्या सुमारास बाहेर आली आणि हात धुता धुता म्हणाली, "पोर आडवं हाय. माह्या हातचं काम नाही हे. दुपारची मोटार गाठा, अमरावतीले न्या." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मावशी म्हणाल्या, "नर्सबाई घरात बसली हाय, अन् दाई शिकवून राहिली!" सगळे हसले. मनकर्णाबाई हसली नाही. मला म्हणाली, "तू हात लावून पाह्य, बाई."

मी आत गेले. हात लावला. मला काही कळलं नाही. थोडा वेळ तसाच हात ठेवून बसले, मग बाहेर येऊन म्हटलं, "गरज नाही. संध्याकाळपर्यंत मोकळी होईल."

मोटार गेली तेव्हा तिचा भोंगा घरात ऐकू आला.

मी तसं का म्हटलं, ते सांगायला हे पत्र आहे. अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात खऱ्या नर्सबाया असतात. त्यांनी मला विचारलं असतं, "तुम्ही कुठे शिकलात?" तेव्हा भाऊजी, तुम्ही शेजारी उभे असतात. मला तेवढंच दिसलं. अक्का दिसली नाही.

अक्का दिवे लागायच्या वेळी गेली, पोर पोटातच. तुम्ही विचारलंत, "काय झालं?" मी म्हटलं, "दाईच्या हाताने बिघडलं." तेही खोटं.

आशाबाईंना आताच अमरावतीला नेऊन ठेवा. ते होत नसेल तर मनकर्णाबाईंना बोलवा, पाय धरून बोलवा. मावशींना यातलं काय वाचून दाखवायचं ते तुम्ही ठरवा.

क्षमा मागत नाही.

शकुन


अंजनगाव सुर्जी
ता. १९ सप्टेंबर

चि. शकुनबाईस पंजाबरावचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. मळ्यात नेऊन तीन वेळा वाचलं आणि जाळलं. घरी सांगितलं, शकुन येते म्हणते. आईने देवापुढे साखर ठेवली.

मनकर्णाबाईला बोलवा म्हणतेस. तुझ्या अक्काचं, सुभद्राचं, तेरावं झाल्यावर मी तिच्या दारात गेलो होतो. ती म्हणे, "भाऊ, म्या सांगतलं होतं." मी तिचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि वरून मुसळ घातलं. गावात कोणी शब्द काढला नाही. नर्सनेच सांगितलं होतं. त्या हाताने आता तिला घासही उचलत नाही.

आता तू म्हणतेस, तू नर्स नाहीस. मग मी कोणाचा हात मोडला?

आशाला अमरावतीला नेलं तर गाव विचारेल, सुभद्राला का नेलं नाही. त्याचं उत्तर मी देणार नाही. तूही द्यायचं नाही. आशा अठरा वर्षांची आहे, दिवसभर तुझं नाव घेते. तू यायचं. पांढरं पातळ नेसून यायचं. काही बरंवाईट झालं तर नर्सने करायचं ते सगळं केलं, असं मी चारचौघांत सांगेन. तुला खोटं पाडू शकेल असा मी एकटाच आहे, आणि मी पाडणार नाही.

आई विचारते, तुला चहात आलं चालतं का.

पंजाबराव


अकोला
ता. २४ सप्टेंबर

ती. माणिकमावशींना शकुनचा शिरसाष्टांग नमस्कार.

भाऊजी हे वाचून दाखवतील. रजा मिळाली. डॉक्टरसाहेब खूश झाले. गावात वाटायला त्यांनी दवाखान्याचे छापील कागद दिले आहेत. त्यांवर माझं नाव आहे, पुढे 'अनुभवी नर्स' असं. बुधवारी मूर्तिजापूरला गाडी बदलून दुपारपर्यंत पोचते.

मोठं भांडं घासून ठेवा. जुनी धोतरं उकळून उन्हात वाळवा. आलं चालतं.

आशाबाईंना म्हणावं, भिऊ नका. बाळ सरळ आहे, असं नर्सबाईंनी अकोल्याहून कळवलं आहे.

आपली,
नर्स शकुन