दादाच्या नव्या दातासाठी

दादा,

तू क्लिनिकमधून आल्या आल्या झोपलास. तू उठायच्या आत निघतोय, कारण तुझ्या सुजलेल्या गालाकडे मला बघवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ते असं. बधिरपणा तासाभरात उतरेल आणि जबड्यात स्क्रू बसवलाय तिथे ठणका लागेल, म्हणून उठल्यावर सूप पिऊन लगेच गोळी घे. दुखेपर्यंत थांबू नकोस. सूज उद्या-परवा वाढेल, मग ओसरेल. थुंकी लालसर दिसली तरी घाबरू नकोस, पण आज चूळ भरायची नाही आणि सिगारेट तर मुळीच नाही. रक्त थांबेना किंवा चार दिवसांनीही दुखणं वाढतंच असलं, तर त्यांना फोन करायचा. शेकायला बर्फ फ्रीजरमध्ये आहे.

बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जिन्यावरून पडून नेमका समोरचा एकच दात कसा हो तुटला?" मी खाली मान घालून म्हणालो, "माझा हात उठला होता." त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईला तू अजून जिनाच सांगतोयस. मी तिच्याकडेच चाललोय, खरं सांगायला. माझ्यासाठी तू आणखी खोटं बोलू नकोस.

संध्याकाळी परत येतो. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. नाहीतरी बाईंनी तुला दोन दिवस तोंड कमीच उघडायला सांगितलंय.

धाकटा