हजेरीचा भोंगा

१२ नोव्हेंबर
आज जहाजाचा ताबा घेतला. कोर्टाने जप्त करून बंदराबाहेर नांगरलेलं. लिलाव होईपर्यंत राखणदार मी एकटा. राहायला खुद्द कप्तानाची केबिन, गादी जाड, खिडकी समुद्रावर. मेव्हणा म्हणाला होता, भाऊजी, एवढं लोखंड कोण खिशात घालून नेणार? हसू दे. सागरी नियमांची कलमं मला तोंडपाठ आहेत, तीही कोणाच्या शिकवणीशिवाय. जुना राखणदार मी वर येताच शिडी उतरला. हातसुद्धा मिळवला नाही. अडाणी.

१४ नोव्हेंबर
जहाजाचा नुसता उकिरडा केलाय. डाव्या बाजूची लाईफबोट गायब, दोर लोंबताहेत. पाणी पोचवणाऱ्या नाववाल्याला जाब विचारला. तो म्हणाला, काका, मालकाने हात वर केले, झेंडा ज्या देशाचा त्याने आपल्या नोंदवहीतून जहाजाचं नाव खोडलं, बंदराने खलाशांना उतरू दिलं नाही. प्यायचं पाणी संपलं तसे सगळे त्या बोटीतून निघाले, किनाऱ्याला एकही लागला नाही. कप्तान तेवढा केबिनला कडी लावून बसला आणि वाचला.
मी म्हटलं, हे नियमात बसत नाही. तो म्हणाला, नियमवाले तेव्हा जेवायला गेले होते.

१६ नोव्हेंबर
जहाजावर माणूस एक असो की वीस, संकटाची कवायत व्हायलाच हवी. सकाळी बॅटरीवरचा भोंगा दिला, सात छोटे, एक लांब. लाईफजॅकेट बांधून डेकवर हजेरीच्या जागी उभा राहिलो.
खालून जिन्यावर पावलं वाजली. बरीच. वर कोणीच आलं नाही. डेकवर मात्र ओले ठसे उमटत गेले, अनवाणी, एका रांगेत.

१७ नोव्हेंबर
ऊन भाजतंय, तरी ठसे वाळत नाहीत. समोर उभं राहून दरडावलं, कवायत संपली, पांगा. ठसे माझ्याकडे वळले. मग सगळे मिळून एक पाऊल पुढे.

१८ नोव्हेंबर
नाववाला आला. मला ने म्हणून हात जोडले — मी, हात जोडले. त्याने डेककडे पाहिलं, नाव वळवली. जाताना ओरडला, बोलावलंत तुम्ही, आता निस्तरा.

१९ नोव्हेंबर
हजेरीत माणूस कमी पडला तर केबिन-केबिन शोधायची. नियमच आहे. खाली दारं उघडताहेत. उघडतं — थांबतं — मिटतं. पुढचं.
ओरडून सांगितलं, कप्तान मी नव्हे, नुसता राखणदार, पगारी —
शेजारचं दार मिटलं.
उंबऱ्याखालून पाणी येतंय. खारं. मी कडी लावलीय. कडी लावलेलं दार असेल तर नियम असा, की —