डोळे मिटून, एका पायावर

५ जानेवारी
आज फोनची परीक्षा! फिजिओ मॅडमनी छातीला पट्ट्याने फोन बांधला — डोळे मिटा, एका पायावर उभ्या राहा. आपण किती डुलतो ते अ‍ॅप मोजतं. पुढे कुणाच्या डोक्याला लागलं की पुन्हा चाचणी. आजच्यापेक्षा जास्त डुललात तर लाल, म्हणजे खेळ बंद.

कॅप्टन कानात म्हणाली, "आजच मनसोक्त डुला गं, म्हणजे पुढे कायम हिरवा." टीमची जुनी रीत! मी डुलले. माझं बघून धाकटी तर असली झुलली की मॅडम म्हणाल्या, "अगं, दोघी बहिणी जेवून येता की नाही?" हसून हसून पोट दुखलं.

२० फेब्रुवारी
सेमीफायनल जिंकलो! पण शेवटी उंच बॉल आला — मी गोल सोडून धावले, धाकटीही धावली, दोघींची टाळकी दाणकन आपटली. लगेच फोन बांधले. दोघीही हिरव्या. "वाघिणी आहेत माझ्या!" — सर. कॅप्टनने मला डोळा मारला. मला हसू आलं नाही. हा हिरवा खोटा आहे, आणि धाकटीचा चेहरा पांढराफटक.

२१ फेब्रुवारी
धाकटीचं काहीतरी बिनसलंय. भिंतीला धरून बूट घालते. जिन्यात कठडा सोडत नाही. विचारलं, डोकं दुखतंय का? "ताई, तिसऱ्यांदा विचारतेयस! ठीक आहे मी." तिसऱ्यांदा? काहीही बोलते!

आई म्हणाली, "फोन ठीक म्हणतोय ना, मग कशाला तिच्या मागे लागतेस?" आईला काय सांगू! परवा फायनल. निवड समितीची माणसं खास धाकटीला बघायला येणार. मॅडमना खरं सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही. नाही सांगितलं आणि पुन्हा डोक्याला लागलं तर —

२१ फेब्रुवारी. नाही, २२
ट्यूबलाइट डोळ्यांत खुपतेय. सकाळपासून मळमळ. धाकटीच्या काळजीनेच, दुसरं काय.

२३ फेब्रुवारी
सांगून टाकलं! मॅचच्या आधी, मैदानावर, सगळ्यांदेखत. कॅप्टन: "घरभेदी!" सर लालबुंद. मॅडम ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "आपटलेल्या दोघी डॉक्टरांकडे. आत्ता."

गाडीत धाकटी खिडकीकडे तोंड करून रडत होती. "माझं चांगलं झालेलं तुला बघवतच नाही ना?" काळजाला घरं पडली. पण चिडू दे. आयुष्यभर चिडू दे, डोकं तेवढं शाबूत राहू दे.

२४ फेब्रुवारी
धाकटीच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. नुसता पाय मुरगळलाय — फायनलसाठी लपवत होती. तिला घरी सोडलं. मला ठेवून घेतलंय. रक्त माझ्या डोक्यात साकळलंय.