पाच पायऱ्यांचा उतार

शनिवार, ९ रजब

पायऱ्या मोजल्या. पाच. शिवणाच्या टेपने उंची घेतली — प्रत्येकी सोळा सेंटिमीटर, एकूण ऐंशी. नगरपालिकेतल्या इंजिनियर लुब्नाबाईंनी नियम सांगितला तो सोपा आहे. जेवढं चढायचं त्याच्या बारापट लांब उतार. म्हणजे नऊ मीटर साठ. शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवायला सपाट जागा. मॅट्रिकला गणितात चांगले मार्क होते माझे, वाया नाही गेले!

गल्लीच्या तोंडाशी वाकून मोजत होते तर शेजारच्या अबू मिफ्लेहनी बेकरीतून हाक मारली, "वहिनी, काय हरवलं?"

म्हटलं, "रस्ता."

हसले. त्यांना वाटलं थट्टा करतेय.

सोमवार, ११ रजब

अर्ज लिहिला. आधी पेन्सिलीने, मग त्याच कागदावर पेनने गिरवला — दुसरा कागद कशाला नासायचा. लिहिलं, माझे पती चार वर्षांपूर्वी रंगकाम करताना परांचीवरून पडले, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहेत. गल्लीतून रस्त्यावर उतरायला पाच पायऱ्या आहेत आणि मशीद रस्त्यावर आहे. तिथे नियमाप्रमाणे रॅम्प व्हावा, म्हणजे त्यांना नमाजेला आपलं आपण जाता येईल.

यांना वाचून दाखवला. "बरा आहे," म्हणाले. रेडिओचा आवाज वाढवला.

शुक्रवार, १५ रजब

चौघे आले. दर जुम्म्याला येतात, अल्लाह त्यांचं भलं करो. पुढे अबू मिफ्लेह. यांना म्हणाले, "काय अबू रकान, नवरदेव तयार आहेत ना?" दर जुम्म्याला हेच. यांनी दर जुम्म्याला हसायचं.

खुर्ची उचलली. यांच्या डोक्यावरून दोघांचं टोमॅटोच्या भावावरून भांडण चाललेलं. तिसऱ्या पायरीवर यांच्या पायातला जोडा गळून पडला, कुणाचं लक्षच नाही. मी धावत जाऊन घातला. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

नमाज संपून तास झाला तरी हे तिथेच. चौघांतला एकजण जेवायला घरी गेला होता. तो येईपर्यंत तिघे थांबले, आणि हेही.

बुधवार, २० रजब

लुब्नाबाई येऊन जागा बघून गेल्या. मला मावशी म्हणते पोरगी. नगरपालिकेची हरकत नाही, पण उतार मशिदीच्या भिंतीलगत जाणार, ती पट्टी मशिदीची. कमिटीने हो म्हणायला हवं. कमिटीचे प्रमुख कोण? अबू मिफ्लेहच!

दुपारी त्यांच्या कानावर गेलं. तडक दारात.

"वहिनी, आमच्या खांद्यांना काय झालं? चार वर्षांत एक तरी जुम्मा चुकवला का आम्ही? गावात काय बोलतील — या गल्लीत माणसं उरली नाहीत, म्हणून सिमेंटला सांगितलं?"

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं नाही. हे आतल्या खोलीत होते. सगळं ऐकू गेलं असणार. बाहेर आले नाहीत.

गुरुवार, २१ रजब

योग्य वाट दाखव म्हणून इस्तिखाऱ्याची नमाज पढून मी अबू मिफ्लेहच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने कॉफी आणली. कप घेतला आणि समोर ठेवून दिला. हात लावला नाही.

मागणं घेऊन आलेला पाहुणा काम होईपर्यंत कॉफी पीत नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हे पुरुषांनी करायचं — लग्नाची मागणी घालायला, भांडण मिटवायला, दहा वडीलधारे घेऊन. मी एकटी बाई! अबू मिफ्लेह कपाकडे बघतच राहिले. त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"प्या वहिनी," शेवटी म्हणाले. "प्या, थंड होतेय. जागा दिली. आणि ऐका, नगरपालिकेच्या दारात उभं राहायचं नाही. माझा शेजारी आहे तो. रॅम्प मी बांधून देणार. माझ्याकडून!"

प्याले. कडू होती, पण अशी कॉफी आयुष्यात प्याले नाही.

शुक्रवार, ७ शाबान

रॅम्प झाला. गवंडी शहाताने सहा दिवसांत उरकला. अबू मिफ्लेहनी अख्ख्या गल्लीला कुनाफ्याची मिठाई वाटली. इमामसाहेबांनी दुआ मागितली.

परतीच्या वेळी दोघांनी जोर लावून यांना वर ढकललं. अबू मिफ्लेह टाळ्या पिटत म्हणाले, "बघा! चौघं लागायची, आता दोघांत भागतं!"

मी घरी येऊन टेप काढली.

शनिवार, ८ शाबान

चार मीटर. बारापट कुठली, पाचपट! शहाताला विचारलं. म्हणाला, "बाईसाहेब, एवढा लांब कशाला? दगड फुकट जातो. आणि अबू रकान एकटे थोडेच येणार? मागे कुणीतरी असणारच की."

हट्टाने हे एकटे उतरून बघायला गेले. खुर्ची सुटलीच! मी चाक धरलं, तळहाताची साल निघाली. हे घामाघूम. "पुरे झालं," म्हणाले. "सोड नाद."

आता बोलायचं कसं? हक्काचं असतं तर भांडले असते. ही भेट आहे. भेटीला टेप लावतं का कुणी?

मंगळवार, ११ शाबान

लुब्नाबाई आल्या. बघताच म्हणाल्या, "मावशी, हा रॅम्प नाही, घसरगुंडी आहे." यावर सही करणार नाही म्हणाल्या. अबू मिफ्लेह भयंकर चिडले. "खिशातून बांधला, पोरी! तुझ्या सहीसाठी नाही बांधला." बेकरीचं शटर धाडकन खाली. मला सलामसुद्धा नाही.

बुधवार, १२ शाबान

यांनी आज दाढी केली नाही. जुम्म्याला कणकण आहे म्हणून सांग, म्हणाले.

शनिवार, १५ शाबान

हसू की रडू! बेकरीचं पीठ आलं. ट्रक खाली रस्त्यावर थांबतो, पोती आजवर पाठीवरून वर यायची. आज अबू मिफ्लेह म्हणाले, रॅम्प आहे ना, हातगाडी घाला. अर्ध्यावर गाडी मागे आली. दोन माणसं आणि ते स्वतः, तिघांना आवरेना. सहा पोती थेट रस्त्यात. एक फुटलं. मशिदीचं दार पांढरं, गाड्या पांढऱ्या, अबू मिफ्लेहच्या मिश्या पांढऱ्या.

संध्याकाळी दारात आले. कपडे झटकलेले, भुवया नाही झटकल्या.

"वहिनी, ते बारापट म्हणाला होतात... कशाच्या बारापट?"

मी टेप घेऊन गेले. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. हसले नाही. अल्लाह साक्षी आहे, फार कष्ट पडले.

गुरुवार, २७ शाबान

नऊ मीटर साठ. वर-खाली सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. लुब्नाबाईंनी सही केली. शहाता म्हणाला, "एवढ्या दगडात खोली झाली असती." अबू मिफ्लेह म्हणाले, "गप रे."

शुक्रवार, २८ शाबान

रमजानच्या आधीचा शेवटचा जुम्मा. यांनी स्वतः दाढी केली, इस्त्रीचा सदरा मागितला. चौघांना मी निरोप धाडला होता — कुणी यायचं नाही. उंबऱ्यात उभी राहून पाहिलं. हे उतारावर मध्ये एकदा थांबले, कठडा धरला, परत सोडला. खाली पोचले. भिंतीआड गेले.

मी आत येऊन दोन रकात शुक्राची, आभाराची नमाज पढले. खूप रडले.

नमाज सुटल्यावर अबू मिफ्लेह दारात. "वहिनी, तब्येत बरी आहे ना अबू रकानची? पहिल्या रांगेत जागा राखली होती. आलेच नाहीत."

त्याच दिवशी, असरच्या नमाजेनंतर

आले. चेहरा उन्हाने लाल, मांडीवर हिरव्या बदामांची पुडी. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "बस थांब्याच्या पुढे वळण आहे ना, तिथपर्यंत गेलो. बसलो. कुणी थांबलं नव्हतं माझ्यासाठी."

जुम्मा चुकला हे जिभेवर आलं होतं. गिळलं. कुठे जायचंय, हे चार वर्षांत मीही यांना कधी विचारलं नव्हतं.

बदाम धुतले. बशीत मीठ काढलं.