डावा कोपरा

पासिग, मनिला
रविवार, दुपार

प्रिय नोनॉय,

या नावानं तुला आता फक्त तुझी आई, आपली नानय, आणि मीच हाक मारतो. बाकी सगळ्यांसाठी तू विर्जेल पालोमार. म्हणून मुद्दाम हेच लिहिलं. पहिल्याच शब्दाला तुला कळेल की पत्र मानोंग रोडेलचं, तुझ्या मानलेल्या थोरल्या भावाचं आहे, आणि फाडायचं असेल तर लगेच फाडता येईल. पण फाडू नकोस. तुझा फोन बंद असतो. नानयला केला तर ती दबक्या आवाजात म्हणते, "अरे, तो माझ्याशी तरी कुठे बोलतोय? पाय उशीवर ठेवतो आणि समुद्राकडे पाठ करून बसतो." पेर्ला मावशी उद्याच्या बोटीनं गावी निघाली आहे. तिच्या पिशवीत हे पत्र, गुडघ्याला बांधायचा नवा पट्टा आणि तुला आवडतो तो जांभळ्या कंदाचा हलवा पाठवतोय. हलव्यातला अर्धा ती बोटीवरच संपवेल, तेव्हा मिळेल त्यात समाधान मान.

आपली खोली तशीच आहे. तुझी गादी गुंडाळून भिंतीला लावून ठेवली आहे. परवा मी एकट्यासाठी सुकी मासळी भाजली, तर घरमालकीण जिन्यातूनच ओरडली, "एक गेला तरी वास तेवढाच! तुम्हा बेटावरच्या लोकांना दुसरं काही खायला येत नाही का?" मग पाच मिनिटांत स्वतःच ताटली घेऊन दारात उभी. दोन तुकडे उचलले, आणि जाता जाता तुझ्या गादीकडे बघत म्हणाली, "तो पोरगा निदान जिने चढताना गाणी म्हणायचा. तू म्हणजे नुसता खांब." मी हसलो. खांबाला काय, हसता येतं.

मासळीच्या वासानं मला नेहमी आपल्या गावचं मैदानच आठवतं. शहरातल्या खेळाडूंना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं, की आम्ही जिथे बास्केटबॉल शिकलो ते आधी मासळी सुकवायचं अंगण होतं आणि मग मैदान. सकाळी बोटी लागल्या की बायका सिमेंटवर चटया अंथरायच्या. मधली जागा भरायची, उजवी बाजू भरायची, रिंगच्या अगदी खालपर्यंत बांगडे उन्हात पडलेले असायचे. तुझी नानय हातात झाडू घेऊन राखण करायची. "चेंडू मासळीवर पडला तर दोघांनाही चटईवर झोपवीन, मीठ लावून!" आपल्याला मिळायचा तो डावा कोपरा. नारळाची सावली पडायची तिथे, म्हणून बायका तेवढीच जागा सोडायच्या. तू सगळ्यांत लहान, म्हणून मी तुला तिथे उभा करायचो आणि चटयांच्या मधल्या फटीतून पळत येऊन, मान दुसरीकडे करून चेंडू तुझ्याकडे फेकायचो. बघायची गरजच नव्हती. तू दुसरीकडे असणार तरी कुठे?

तिथूनच ते सुरू झालं. मग गावोगावच्या जत्रांतल्या फिएस्ता स्पर्धा, मग इलोइलोचं कॉलेज, मग दुय्यम लीगमधली वर्षं. संघ बदलले, पण आपण दोघं कायम एकाच संघात. मी रिंगकडे घुसायचो, तीन माणसं माझ्यावर धावून यायची आणि चेंडू न बघता डाव्या कोपऱ्यात जायचा. लोक म्हणायचे की या दोघांना डोळे मागच्या बाजूला आहेत. आपल्याला दोघांनाही ठाऊक होतं की ही किमया डोळ्यांची नाही, बांगड्यांची आहे.

म्हणून मोठ्या लीगमधल्या त्या पंख्यांच्या कंपनीच्या संघानं हंगामापूर्वीच्या शिबिराला दोघांनाही बोलावलं तेव्हा तू खोलीत नाचलास. मला मात्र पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तुला उशिरा दिसलं. बाकी सगळ्या जागा करार झालेल्यांच्या. आपल्यासारखे करार नसलेले आठ-दहा जण आले होते, आणि जागा एकच. पंखे बनवणाऱ्यांच्या सरावाच्या हॉलमध्ये एकच पंखा फिरत होता, तोसुद्धा कोच पेपिंगच्या डोक्यावर, आणि तू म्हणालास, "मानोंग, मोठ्या लीगमध्ये पोहोचलो बघ, वारासुद्धा पदाप्रमाणे मिळतो!" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच वेळी मनात म्हटलं, यातला एक घरी जाणार.

त्या शिबिरात कुणाला काढलं हे कोच कधी तोंडानं सांगत नसत. संध्याकाळी घामेजलेली जर्सी टोपलीत टाकायची. सकाळी संघाचे कपडे सांभाळणारा म्हातारा तातय इस्को ती धुऊन, घडी करून ज्याच्या त्याच्या खुर्चीवर ठेवायचा. खुर्ची रिकामी दिसली की समजायचं. काही विचारायचं नाही, बूट पिशवीत घालायचे आणि निघायचं. बाकीच्यांनी तेवढा वेळ आपापल्या नाड्या बांधत बसायचं. तुला आठवतं, आपण रोज दारातून आत जाताना आधी एकमेकांच्या खुर्चीकडे बघायचो? मी तुझ्या, तू माझ्या. तातय इस्को एकदा वैतागून म्हणाला, "तुम्ही खेळाडू आहात की नवरा-बायको? आपापल्या खुर्चीकडे बघा की!" एकेक खुर्ची रिकामी होत गेली आणि शेवटी करार नसलेल्यांत आपण दोघंच उरलो.

त्या दिवसाबद्दल आपण अजून धड बोललो नाही. तू बोललास ते भांडण होतं, आणि मी गप्प बसलो, ती माझी नेहमीची खोड. आज शांतपणे लिहितो.

सरावाचा सामना बरोबरीत होता. आपण दोघं पांढऱ्या जर्सीत. मग कोच पेपिंगनं शिट्टी वाजवली आणि ओरडले, "पालोमार, जर्सी उलटी कर!" तू तिथेच जर्सी काढलीस, आतली निळी बाजू बाहेर केलीस, घातलीस आणि समोरच्या बाजूला गेलास. त्यांना आपल्याला एकमेकांसमोर बघायचं होतं, हे भिंतीवरच्या पालीलासुद्धा कळलं असतं. शेवटचा चेंडू माझ्या हातात आला. मी घुसलो. तिघं माझ्यावर आले. उजवीकडे करारावर आणलेला आमचा उंच अमेरिकन हात वर करून मोकळा उभा होता, घसा फोडून माझं नाव ओरडत होता. आणि माझ्या हातानं, मान दुसरीकडे करून, चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकला.

तू तिथे होतास. निळ्या जर्सीत.

तू चेंडू छातीशी धरून माझ्याकडे बघितलंस, लहानपणी चेंडू मासळीवर पडला की बघायचास अगदी तसं. मग तुझे निळे साथीदार किंचाळले, "पळ, मूर्खा, पळ!" आणि तू पळालास, दुसऱ्या टोकाला जाऊन एकट्यानं गुण केलास. सगळे पोट धरून हसत होते. कोच पेपिंग हसले नाहीत. माझ्याजवळ येऊन अगदी हळू विचारलं, "रोडेल, तू कुणाच्या संघात आहेस?" उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या खुर्चीकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. मी आत यायच्या आधीच मला कळलं. तातय इस्को कोपऱ्यात पाठ करून टॉवेलांच्या घड्या घालत होता, घातलेल्याच घड्या पुन्हा उलगडून. मी बूट भरले. तू माझ्यामागे रस्त्यापर्यंत आलास, जीपनी गाड्यांच्या गर्दीत माझा दंड धरलास आणि ओरडलास, "भीक घातलीस ना मला? लहान भाऊ, बिचारा, जाऊ दे, घे म्हणालास ना? मला नको तुझी भीक, मानोंग! मी माझ्या हिमतीवर घेतली असती जागा!" भाजलेली केळी विकणारी बाई केळ्यांच्या काड्या हातात धरून ऐकत उभी राहिली. मी काही बोललो नाही, जीपनीत चढलो. तुला वाटलं, गप्प राहिला म्हणजे खरंच आहे.

खरं नाही, नोनॉय. मला ती जागा हवी होती. तुझ्याइतकीच, कदाचित जास्त. तेहतीस वर्षं उलटलेल्या माणसाला पुढच्या वर्षी कुणी शिबिराला बोलावत नाही. तुझी वहिनी नेनिता रोज फोनवर एकच विचारायची, "जर्सी होती का आज?" मी तिला सांगून ठेवलं होतं की या वर्षी पोरगी बाबाला टीव्हीवर बघणार. मी इतका मोठ्या मनाचा नाही रे, की शेवटच्या चेंडूवर असलं दान करीन. आणि एक विचार तू एकदाही केला नाहीस. मी भीक घातली म्हणतोस, तर तू तिथे काय करत होतास? तू निळा होतास. बचाव करणाऱ्याचं त्या रिकाम्या कोपऱ्यात काही काम नसतं. तुला ज्याला अडवायचं होतं तो दुसरीकडे मोकळा उभा होता, तोच तो अमेरिकन. मी घुसलो आणि तुझे पाय आपोआप तिकडे गेले. चूक माझ्या हाताची होती, तशीच तुझ्या पायांचीही होती. जर्सी उलटी झाली, आपण उलटे झालो नाही. एवढंच घडलं त्या दिवशी. कुणी कुणाला काही दिलं नाही.

हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं असं तू म्हणशील. मला वाटलं होतं, हंगाम सुरू झाला की दोन सामने बघीन, तुझी खोडी काढायला फोन करीन आणि आपण बोलू. मी उत्तरेकडे डोंगरातल्या एका गावी गेलो, तिथल्या मेयरनं फिएस्तासाठी खेळाडू जमवले होते. दगडासारखं थंड मैदान, प्रेक्षकांत निम्म्या कोंबड्या. जिंकल्यावर प्रत्येकाला तांदळाचं पोतं दिलं. तिथल्या खानावळीत, मालकिणीच्या छोट्या टीव्हीवर, मी तुझा पहिला सराव सामना बघितला. तू उडी मारलीस, चेंडू पकडलास आणि कुणाच्या तरी पायावर उतरलास. गुडघ्याचा तो आवाज मला ऐकू येणं शक्यच नव्हतं, तरी मला ऐकू आला. मालकीण म्हणाली, "अरेरे, कुणाचं पोर ते?" मी म्हटलं, "आमचं." मग ताट तसंच ठेवून उठलो.

इस्पितळात मी आलो होतो, हे नानयनं सांगितलं का? तू तोंड भिंतीकडे करून पडला होतास. मला वाटलं झोपला आहेस. आता वाटतं, झोपला नव्हतास. मी तुझ्या पायाशी बराच वेळ उभा राहिलो. प्लास्टरवर सगळ्या संघानं सह्या केल्या होत्या, विनोद लिहिले होते. मी पेन उचललं, परत ठेवलं आणि निघून आलो.

आता जे सांगायला बसलो होतो ते सांगतो, दुसऱ्या कुणाकडून तुला कळायच्या आत. गुरुवारी संघाचा फोन आला. हंगाम तोंडावर आहे, जागा रिकामी आहे, त्यांच्या खेळी ठाऊक असलेला माणूस हवा आहे. मी हो म्हटलं. विचार करायला वेळ मागितला नाही, हेही तुला ठाऊक असावं. काल सकाळी मी हॉलमध्ये गेलो आणि सवयीनं आधी तुझ्या खुर्चीकडे बघितलं. तिच्यावर जर्सी होती. तातय इस्को म्हणाला, "तिकडेच बस आता, ती तुझी." सामन्याची जर्सीसुद्धा तुझीच आहे, एकोणीस नंबरची. नवी शिवायला वेळ नव्हता, म्हणून पाठीवरचं तुझं आडनाव उसवून माझं शिवलंय. उजेडात धरलं की पालोमारच्या टाक्यांची भोकं अजून दिसतात. बुधवारी पहिल्या सामन्याला गावात टीव्ही मैदानावर आणतील, नानय तुला बाहेर आणून बसवेल, आणि एकोणीस नंबर पळताना बघून सगळे तुझ्याकडे बघतील. तो क्षण तुझ्यावर अचानक येऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र. परवानगी मागत नाही. माफीही नाही, कारण भीक मी घातली नव्हती आणि आता तुझ्याकडून घेतही नाही. बघवलं नाही तर उठून आत जा, मी समजेन. पण बसलास, तर एक गोष्ट फक्त तुलाच दिसेल. मी रिंगकडे घुसेन, माणसं अंगावर येतील, आणि चेंडू फेकण्याआधी मी मान वळवून डाव्या कोपऱ्याकडे बघेन. समालोचक म्हणेल, म्हातारा झाला, वेग कमी झाला. म्हणू दे. तिथे कोण उभं आहे ते आता मला बघावं लागेल.

तुझाच,
मानोंग रोडेल