ससा माझ्यामुळे पळाला

दादा,

तू बेकरीतून येऊन नुकताच आडवा झालास, म्हणून उठवलं नाही.

आज आमच्या ज्ञानमीमांसेच्या, म्हणजे ‘आपल्याला माहीत आहे ते कशावरून’ या विषयाचं प्रदर्शन आहे. माझा प्रश्न आहे, ‘स्वतःच्या आठवणीवर किती विश्वास ठेवावा?’ त्यासाठी तीन वस्तू मांडायच्या असतात. आपल्या सशाचा फोटो आणि खुराड्याची कडी ठरली होती. तिसरी म्हणून परवा माळ्यावरून माझी चौथीतली डायरी काढली. ससा पळाला त्या दिवशी मी लिहिलंय, ‘दादा कालपासून आत्याकडे आहे. मी एकटीनेच सशाला गाजर दिलं.’

म्हणजे तू घरातच नव्हतास! कडी मीच उघडी टाकली आणि सात वर्षं छातीठोकपणे सांगत आले की तुला उघडी टाकताना डोळ्यांनी पाहिलं. मुद्दाम खोटं नव्हते रे बोलत, मला खरंच तसं आठवायचं. पण बोलणी तू खाल्लीस. अजूनही तू बाहेर निघालास की बाबा म्हणतात, “दार नीट लाव, तुझा काही भरवसा नाही.” आणि तू गुपचूप दोनदा ओढून बघतोस.

वस्तूंसोबत लावायचा निबंध पुन्हा पहिल्यापासून लिहिला. बाईंनी वाचून एवढंच विचारलं, “घरी सांगितलंस?” धीरच झाला नव्हता.

आई-बाबा बाराला शाळेत येतील. त्यांना तिथेच सगळं सांगणार आहे. तू अकरालाच ये ना. आधी तुझी माफी मागायची आहे, समोरासमोर.

निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय. कॉलर जराशी भाजली. मीच भाजली.

– चिमणी