पत्रिका मी छापतो

१ मार्च १९९८, रविवार

आज घरात कॉम्प्युटर आला. आमच्या लष्करी डेपोतल्या मेजरसाहेबांची जोधपूरला बदली झाली. तिकडच्या धुळीत टिकणार नाही म्हणून त्यांनी तो मला दिला. सोबत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. भिंगारच्या सिव्हिलियन स्टाफमध्ये घरी कॉम्प्युटर असलेला मी पहिला हेडक्लार्क. तसं कुणी म्हणालं नाही, पण टेम्पो रिकामा होताना गल्लीतले चेहरे बघण्यासारखे होते.

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत ठेवला. आल्यागेल्याला दिसायला हवा. प्रिंटरला तिथे जागा उरली नाही. एका भिंतीला बायकोचं, जयमालाचं, शिलाई मशीन, दुसरीला माझं शोकेस. जयमाला म्हणाली, शोकेस आत न्या. त्यात कॅरमचे दोन कप आणि डेपोने दिलेलं मानपत्र आहे.  प्रिंटर स्वयंपाकघरात, गव्हाच्या कोठीवर ठेवला. मधे एक भिंत. किरकोळ बाब.

२ मार्च

काल मुख्य गोष्ट लिहायची राहिली. मेहुणा सोपान सदाफुले खर्ड्याला असतो. त्याची मुलगी दिशा, तिचं लग्न दहा मेला. मुलगा प्रशांत, पुणतांब्याचा, शाळामास्तर. दिशाची आई ती लहान असतानाच गेली. पोरीच्या सगळ्या सुट्ट्या आमच्या घरी गेल्या. त्यामुळे गेल्या आठवड्यात साखरपुड्यात पंगत बसलेली असताना मी उभा राहून जाहीर केलं, पत्रिका मी छापतो. घरी येणाऱ्या कॉम्प्युटरवर.

सोपान म्हणाला, "कशाला तरास दाजी, जामखेडला छापखाना हाय की."

बिचारा. छापखान्याच्या पुढे जग गेलं, ही बातमी खर्ड्यात पोचायची आहे. दिशा मात्र म्हणाली, "मामा, आईचं नाव पण टाका, लहान अक्षरात नको." मी शब्द दिला.

८ मार्च, रविवार. सकाळ

केबल आखूड आहे. प्रिंटरची केबल भिंतीपर्यंत येते आणि थांबते. चूक मेजरसाहेबांची.

तीच. दुपार

कॉम्प्युटर क्लासवाल्या तुषारकडे गेलो. तो म्हणाला, "काका, प्रिंटर कॉम्प्युटरशेजारी ठेवा." एवढंच सांगायला क्लास काढतात. मी त्याला समजावलं की मोठ्या ऑफिसांत यंत्रं वेगवेगळ्या खोल्यांत असतात, तरी एकमेकांशी बोलतात. त्याला नेटवर्क म्हणतात. पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये मी स्वतः ऐकलंय. तुषार म्हणाला, परदेशात आता वायरशिवायसुद्धा करतात. मी म्हणालो, आपण तूर्त वायरने करू.

लांब केबलमध्ये माहिती वाटेत गळते, असंही त्याचं मत. आमच्या फायली भिंगारहून दिल्लीपर्यंत जातात. एक कागद गळत नाही. उशिरा पोचतो, इतकंच.

निश्चय: पुढच्या रविवारपर्यंत नेटवर्क पूर्ण.

१५ मार्च

बन्सी आला. मिक्सर, इस्त्री, पंखे दुरुस्त करतो. तीन केबली आणून एकाला एक जोडल्या. आत पंचवीस बारीक वायरी निघाल्या. बन्सी म्हणाला, रंगाला रंग जोडू. दुसऱ्या केबलचे रंग वेगळे निघाले. तो म्हणाला, मग अंदाजानं जोडू. माणसात आत्मविश्वास पाहिजे. मला असे लोक आवडतात.

भिंतीला भोक पाडलं. पलीकडे ते मसाल्याच्या फळीमागे निघालं. हळदीचा डबा खाली आला. जयमाला झाडू घेऊन आली आणि मला दिला.

२२ मार्च, रविवार

ऐतिहासिक दिवस. प्रिंटर चालू झाला.

मी बाहेर बटण दाबलं आणि आत स्वयंपाकघरात आवाज सुरू झाला. जयमालाच्या हातून पोळी निसटली. कागदावर बदाम, किलवर, चौकट, मग बदामाच्या दोन ओळी, शेवटी हसणारं एक तोंड. नाव कुणाचंच नाही. पण छपाई स्वच्छ. जयमालाने कागद उलटसुलट करून विचारलं, ही पत्रिका की पत्ते.

यंत्राचा पहिला दिवस आहे, असं मी सांगितलं. माणूससुद्धा जन्मल्याबरोबर पाढे म्हणत नाही.

२९ मार्च

तुषार येऊन गेला. कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घालून गेला. जाताना शोकेसकडे बघत होता. मी चहा लवकर संपवला.

आता मराठी येतं. फक्त अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघा एका ओळीत आणि अक्षरं खालच्या ओळीत. वधूपित्याचं नाव अर्धं पुणतांब्यात शिरलंय. तरी शहाण्या माणसाला अर्थ लागतो. नमुना म्हणून एक प्रत सोपानला पोस्टाने पाठवली. उगाच काळजी करत बसला असेल.

५ एप्रिल, रविवार

सोपानचा फोन. म्हणाला, "दाजी, कागद मिळाला. पर वाचायचा कुठून?"

मी म्हणालो, डावीकडून.

तो मग म्हणाला, "पुणतांब्याचे पाव्हणे रोज इचारत्यात. त्यांच्यात लई भाऊबंद हाय. आमी त्यांना काय सांगू?"

मी म्हणालो, सांगा, कॉम्प्युटरवर चाललंय. या शब्दाने ऑफिसात लोक महिनोन्महिने गप्प बसतात. सोपानने रिसीव्हर जयमालाला द्यायला सांगितला. दोघं बहीणभाऊ बराच वेळ हळू बोलत होते. आमच्याकडे फोनवर हळू बोलायची पद्धत नाही. पापडांचं काही असेल.

६ एप्रिल

जयमाला एसटीने खर्ड्याला गेली. लग्नघरात बाईमाणूस नाही, मदत हवी, हे कारण. माझा पत्रिकेचा मजकूर सोबत नेला. विचारलं तर म्हणाली, दिशाला एकदा नावं तपासू द्या. बरोबर आहे. माझ्याकडे दुसरी प्रत आहेच.

९ एप्रिल

जयमाला परत आली. चेहरा शांत. मोठा शोध लागला: तिने चटणीला मिक्सर लावला की प्रिंटर वेड्यासारखा कागद ओकतो. म्हणजे दोष माझ्या जोडणीचा नाहीच, मिक्सरचा आहे. लग्न होईपर्यंत घरात मिक्सर बंद, असं जाहीर केलं. तिने पाटा-वरवंटा बाहेर काढून माझ्यापुढे ठेवला. चटणी मीच वाटली. जाडसर झाली. वरवंट्याचा दोष.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत मंडळाचे सहादेवराव भेटले. मोठ्याने विचारलं, "काय भिंगारदिवे, भाचीची पत्रिका कधी देताय?" मी म्हणालो, टेस्टिंग चालू आहे. ते म्हणाले, "लग्नाआधी संपवा म्हंजे झालं." बाजूचे चारपाच जण हसले. जयमाला हसली नाही. ती दुसरीकडे बघत होती.

१९ एप्रिल, रविवार

सोपानचे फोन यायचे बंद झाले. पाहुण्यांचीही विचारपूस नाही. याचा अर्थ एकच, माझ्यावर विश्वास बसला. काम करणाऱ्याला असं मोकळं सोडलं पाहिजे.

बन्सी मात्र येईनासा झाला. निरोप धाडला तर म्हणाला, पुण्याला हाय. निरोप त्याने स्वतःच दिला.

२६ एप्रिल, रविवार. सकाळ

जयमाला कापडबाजारात आहेराची लुगडी आणायला गेली. घरात कुणी नाही. एक प्रयोग म्हणून, केवळ प्रयोग म्हणून, शोकेस आत सरकवलं. प्रिंटर बाहेर आणला. मेजरसाहेबांची आखूड केबल लावली.

पहिल्याच फटक्यात पत्रिका आली. रेघेला रेघ, अक्षराला अक्षर. वर 'नमो बुद्धाय', मधे दिशा आणि प्रशांत, आणि खाली तिच्या आईचं नाव, बापाच्या बरोबरीच्या अक्षरांत. मी बराच वेळ कागद हातात धरून उभा होतो. इथे आणखी काही लिहीत नाही.

(लांब केबलीमुळे यंत्राला सराव झाला, म्हणूनच आखूडवर इतकं छान चाललं. हे तुषारला सांगायचं.)

तीच. संध्याकाळ

दिवसभर छापलं. सदाशिवपेठी काटकसरीचा पातळ कागद नाही, पिवळा जाड फुलस्केप कागद घेतला होता. एकेक हाताने लावला. तीनशे प्रती. बोटं काळी, कान बधिर.

जयमाला आली. शोकेसची रिकामी जागा बघितली, मग पत्रिका बघितली. बसून सगळी वाचली. म्हणाली, छान आलीय. मग मशीनच्या खणातून एक पत्रिका काढली. गुलाबी, सोनेरी काठाची. जामखेडच्या छापखान्यातली. मजकूर माझाच. ती खर्ड्याला गेली त्याच आठवड्यात छापून झाल्या. पुणतांब्यालाही पोचल्या. आमची तेवढी तिने दडवून ठेवली होती.

म्हणाली, "तुमाला सांगायचं कसं, हेच सुचंना. दिशा म्हणाली, मामांना राहू द्या, त्यांना वाईट वाटंल."

मी म्हणालो, एका लग्नाला दोन प्रकारच्या पत्रिका असायला हरकत नाही. ती बरं म्हणाली. जेवण झालं. 

९ मे

उद्या लग्न. माझ्या पत्रिका पिशवीत भरल्या. ऐन वेळी कुणाला मिळाली नाही असं निघतंच. दूरदृष्टी.

११ मे, सोमवार

लग्न पार पडलं. खर्ड्याला ऊन असं की मांडवाचं कापड हाताला भाजत होतं. वंदना झाली, जोडी शोभत होती. पत्रिका मिळाली नाही असा माणूस मी सकाळपासून शोधत होतो. गुराख्यांनासुद्धा मिळाली होती.

जेवणाला पुणतांब्याचे पाहुणे ठरल्यापेक्षा बरेच जास्त आले. पत्रावळ्या संपल्या. आचारी बुंदीचं घमेलं घेऊन उभा, आणि मुलाकडची वडीलधारी मंडळी रिकाम्या जमिनीपुढे बसलेली. त्यांच्यातला एक जण कुजबुजला, पोरीला आई नसली की असंच होतं. दिशाने ऐकलं. सोपान पत्रावळ्या आणायला गावात माणूस पिटाळायचं बघत होता, पण तेवढा वेळ नव्हता. तो माझ्या पिशवीकडे बघेना. जयमालाही बघेना.

मीच पिशवी पुढे केली. म्हणालो, मजकूर खाली करा, कोरी बाजू वर.

पाचेक मिनिटांत पत्रिकांवर सगळी पंगत वाढून झाली. भाजी, पोळी, बुंदी. दिशा वाढताना माझ्याजवळून गेली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

प्रशांतच्या आजी, दगडाबाई, शेवटाला बसल्या होत्या. त्यांनी खाऊन झाल्यावर कागद उचलून उजेडाकडे धरला आणि मला म्हणाल्या, "कागुद चांगला हाय बाबा. तेल उतरत न्हाई."

मी हो म्हणालो. त्यांना आणखी बुंदी वाढली.